हिमा मिसची लाकडी जमीन

तिचं खरं नाव हिमेना. पासपोर्टवर आडनावं दोन, एक बापाकडचं आणि एक आईकडचं, कारण मेक्सिकोत तशी पद्धत आहे. पण दुबईच्या अल मनखूल भागात पोरींना बॅलेला घालणाऱ्या मराठी आयांनी पहिल्याच महिन्यात या सगळ्याची काटछाट करून तिची 'हिमा मिस' करून टाकली. एखाद्याचं नाव जिभेवर बसलं नाही की आपली माणसं त्याला आपल्यातलं नाव देऊन मोकळी होतात आणि वर त्याला आपुलकी म्हणतात. असेलही आपुलकी. हिमेनाने कधी तक्रार केली नाही. तक्रार करणं तिच्या शिक्षणातच नव्हतं, आणि या गोष्टीचा सगळा घोळ तिथेच आहे.

जूनमधला गुरुवार होता. शनिवारी तिचं विमान. तेरा वर्षांनी ती दुबई कायमची सोडून चालली होती, आणि सामानाच्या दोन बॅगांपेक्षा तिला एकच गोष्ट जड झाली होती. मिहिकाला भेटून जायचं की न भेटता?

बारा वर्षांत हिमेनाच्या हाताखालून चार-साडेचारशे मुली गेल्या. पाचव्या वर्षी गुलाबी झगा घालून यायच्या, फोटो काढून घ्यायच्या आणि दहाव्या वर्षी आई त्यांना गणिताच्या क्लासला घालायची. त्या सगळ्यांत नाचणारी म्हणावी अशी एकच निघाली, ती मिहिका. वय वर्षं पंधरा. घर क्लासपासून दहा मिनिटांवर. सहा वर्षांची असल्यापासून एक दिवस खाडा नाही. आणि मार्च महिन्यात तिच्या पायाच्या नळीच्या हाडाला बारीक तडा गेला. त्यानंतर ती आलीच नाही. तिच्या आईने, अपर्णाने, मेसेज पाठवला होता. 'मिस, बोर्ड एक्झाम इयर आहे, सो वुई हॅव डिसायडेड टू फोकस ऑन स्टडीज.' शेवटी हात जोडलेलं चित्र. यातला एकही शब्द खरा नव्हता, हे दोघींनाही माहीत होतं. मिहिका पायामुळे गेली नव्हती. हिमेना तिला सगळ्या वर्गादेखत जे बोलली होती, त्यामुळे गेली होती.

ते बोलणं हिमेनाचं स्वतःचंही नव्हतं. ते तिला तिच्या बाईंकडून मिळालं होतं. मोरेलिया नावाच्या गावात, नगरवाचनालयाच्या वरच्या मजल्यावर बॅलेचा वर्ग भरायचा. खाली गार दगडी फरशी. हिमेनाचा बाप टायर पंक्चरचं दुकान चालवायचा. त्याने आठ वर्षांच्या मुलीला तिथे घातलं, कारण फी नव्हती आणि वर्ग दुकानाच्या समोरच होता. बाईंचा नियम सोपा होता. जी मुलगी 'दुखतंय' म्हणेल तिने उरलेला तास भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. वर्षभरात कोणी तो शब्द काढेनासं झालं. दुखतंय म्हणजे बरोबर चाललंय, असं बाई म्हणायच्या, आणि पोरींना ते पटलंही. लहानपणी काहीही पटतं.

सतराव्या वर्षी ती राजधानीतल्या मोठ्या नृत्यसंस्थेत लागली. गावात मिठाई वाटली गेली. तिथे ती अकरा वर्षं नाचली. पांढऱ्या झग्यातल्या चोवीस जणींत डावीकडून सहावी. अकरा वर्षं डावीकडून सहावी! रांगेतल्या बाईचं कौशल्य असं, की ती वेगळी दिसता कामा नये. हिमेना कधीच वेगळी दिसली नाही. अपवाद चार संध्याकाळींचा. मुख्य नर्तिकेला अपेंडिक्सचं दुखणं उठलं आणि एकटीने नाचायची पाळी हिमेनावर आली. तिसऱ्या दिवशी बुटाच्या आत अंगठ्याचं नख मुळापासून निघालं. ती पूर्ण नाच नाचली, वाकून नमस्कार केला, आत जाऊन बूट काढला. प्रेक्षकांत कोणाला तिने ताकास तूर लागू दिली नाही. ही गोष्ट ती दर वर्षी वर्गात सांगायची. मुली 'ईऽऽ' करायच्या. मिहिका करायची नाही. ती डोळे मोठे करून ऐकायची.

अठ्ठाविसाव्या वर्षी संस्थेने तिला फुलांचा गुच्छ दिला आणि निरोप दिला. मग चार वर्षं प्रवासी जहाजावर. जहाज हेलकावे खातंय आणि ही टाचा उचलून गिरक्या घेतेय, समोर माणसं जेवतायत. ते जहाज हिवाळ्यात दुबईला लागायचं. एका हिवाळ्यात ती उतरली ती पुन्हा चढली नाही. वर्षभर एका हॉटेलातल्या कार्यक्रमात पिसं लावून नाचली आणि मग सुजाता मॅडमच्या इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायला लागली. एका मजल्यावर ॲबॅकस, कीबोर्ड, बुद्धिबळ आणि बॅले. राहायला अजमानला एक खोली. रोज बसने दीड तास यायचं, दीड तास जायचं, आणि दर दोन वर्षांनी व्हिसा वाढवून घ्यायचा. असं करता करता ती पंचेचाळीस वर्षांची झाली. आयुष्य म्हणतात ते असंच सरतं. त्याला मोठी संकटं लागत नाहीत.

आयांच्या तोंडून ऐकून ऐकून थोडं मराठी तिच्या कानाला चिकटलं होतं. 'चल', 'वर', 'पुन्हा', 'अजून' हे शब्द ती वर्गात सर्रास वापरायची. 'अजून' तर इतका, की धाकट्या मुली तिची नक्कल करायच्या. 'पुरे' आणि 'थांब' हेही शब्द तिला ठाऊक होते. जिन्यात आया पोरांवर तेच ओरडायच्या. पण ते तिने कधी वापरले नाहीत. वर्गात त्यांचं कामच पडलं नव्हतं.

एक गोष्ट मात्र तिने हट्टाने मागून घेतली होती. लाकडी जमीन. क्लासच्या खोलीत सिमेंटवर टाइल्स चिकटवलेल्या होत्या, आणि अशा जमिनीवर उडी मारली की सगळा दणका नळीच्या हाडात आणि गुडघ्यात जातो. तीन वर्षं ती सुजाता मॅडमच्या मागे लागली होती.

"अगं हिमा, इटालियन टाइल्स आहेत त्या!" मॅडम म्हणायच्या. "नेक्स्ट इयर बघू. इन्शाल्ला."

शेवटी गेल्या ऑगस्टमध्ये ते इन्शाल्ला फळाला आलं. हिमेनाने स्वतः चित्र काढून दिलं. खाली लाकडाच्या रिपा, त्यावर आडव्या रिपा, त्यावर फळ्या, आणि मध्ये सगळीकडे मोकळी हवा. पाय पडला की लाकूड जरासं दबलं पाहिजे. चित्र सुताराच्या हातात देऊन ती सुट्टीवर मोरेलियाला गेली. परत आली तर जमीन तयार. चकचकीत, सपाट, एक फट कुठे नाही. तिने उडी मारून पाहिली. जमीन जरा ताठ वाटली. नवं लाकूड आहे, मोकळं होईल, असं तिने मनाशी म्हटलं आणि त्या जमिनीवर आंधळा विश्वास टाकला. जिथे वीस उड्या घ्यायच्या तिथे मुली साठ घेऊ लागल्या. बॅलेच्या मोठ्या परीक्षेची तयारी सुरू झाली.

डिसेंबरात हिमेनाचे गुडघे बोलायला लागले. डॉक्टरने फोटो काढले आणि म्हणाला, कूर्चा झिजली आहे, वय झालं. तिला त्यात नवल वाटलं नाही. जानेवारीत मिहिका म्हणाली, "मिस, माय शिन्स हर्ट." मग एकदा म्हणाली, "मिस, द फ्लोअर इज हार्ड."

"जमीन मी करून घेतलीय," हिमेना म्हणाली होती. "मला माहीत आहे ती कशी आहे. अजून."

मार्चमध्ये मिहिका उडी अर्धवट टाकून खाली बसली तेव्हा हिमेनाने बाईंचं वाक्य जसंच्या तसं काढलं. "दुखतं सगळ्यांनाच. दुखतं म्हणून थांबतात त्या नाचणाऱ्या नव्हेत." मिहिका उठली. लंगडत राहिलेला तास तिने पूर्ण केला, आणि दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात हाडाचा तडा दिसला.

मुलगी गेली, गुडघे गेले, आता कशासाठी थांबायचं? हिमेनाने राजीनामा दिला. सुजाता मॅडमनी डोळे पुसले आणि त्याच आठवड्यात ठरवलं, की बॅलेच्या खोलीत ॲबॅकससाठी दोन केबिन काढायच्या. त्यासाठी लाकडी जमीन उचलायची होती.

म्हणून गुरुवारी दुपारी केरू आला. पन्नाशीचा, काटकुळा, राजापूरकडचा सुतार. आखातात बावीस वर्षं झालेली, मुक्काम मुहैस्नाहच्या कॅम्पात. त्या वस्तीला आपली माणसं सोनापूर म्हणतात. सोन्याचा तिथे संबंध नाही, पण म्हणायला काय जातं? हिमेना कपाटातल्या रिबिनी गुंडाळत बसली होती.

"मॅडम, पहचाना? मैं केरू. ये जमीन मेरे हाथ की है."

ती थकून हसली. त्याने वरचं रबरी अंथरूण गुंडाळलं, स्क्रू काढले, पहिली फळी उचलली आणि तिला हाक मारली. आवाजात लग्नघरच्या यजमानासारखा उत्साह.

"मॅडम, इधर आके देखो तो. दस महिना हुआ, एक भी हिला नहीं!"

ती गुडघा धरून उठली आणि डोकावली. रिपा तिच्या चित्राप्रमाणेच होत्या, उभ्या आणि आडव्या. पण जिथे हवा असायला हवी होती तिथे, प्रत्येक पोकळीत, लाकडाचे ठोकळे. घट्ट, ओळीने, रंधा मारून गुळगुळीत केलेले. प्रत्येकावर पेन्सिलीने आकडा.

"ये क्या है?" हिमेनाने विचारलं. तेरा वर्षांत तिला एवढी हिंदी येत होती.

"वो ड्रॉइंग में गॅप रह गया था ना," केरू म्हणाला. "मैं ऊपर चलके देखा तो पोकळ आवाज आया. जमीन दबती थी, मॅडम! मेरेको शरम लगी. बच्चा लोग नाचेगा, ऐसा काम कैसे देगा? इंजिनियर बोला, खलास, छोड दो. मैं नहीं छोडा. दो दिन अपनी छुट्टी का लगाया. दो सौ सोला ठोकळे. एक्स्ट्रा कुछ नहीं लिया."

केरूच्या बापाने त्याला सुतारकी शिकवली ती बोटाच्या पेराने लाकूड वाजवून. भरीव वाजलं तर काम, पोकळ वाजलं तर चोरी. दार असो, पाट असो, माळा असो, पोकळ वाजणारं काम देणाऱ्या सुताराला गावात कोणी दुसऱ्यांदा बोलवत नाही. त्याने चुकारपणा केला नव्हता. पदरचे दोन दिवस घालून, गुडघ्यांवर रांगत, त्याने त्या जमिनीतला जीव काढून टाकला होता. फसवणाऱ्याला शिव्या देता येतात. असल्या माणसाला काय द्यायचं?

हिमेनाला संताप आला. इतका की तिला स्पॅनिशमधल्या शिव्यासुद्धा आठवेनात. ती खाली बसली. द फ्लोअर इज हार्ड, मिस. पोरगी चार शब्दांत बरोबर सांगून गेली होती, आणि आपण जगातल्या नाना जमिनींवर आयुष्य घालवूनही ओळखलं नाही. का ओळखलं नाही? कारण दुखत होतं. आणि दुखतंय म्हणजे बरोबर चाललंय.

मग तिने बोट दाखवलं. "इतना जगह का सब निकालो. फिर बंद करो."

खाटेएवढी जागा होती. केरूला काही उमगेना, पण त्याने तेवढ्या फळ्या उचलल्या, पटाशी घालून ठोकळे काढले आणि फळ्या परत बसवल्या.

"अब कूदो," ती म्हणाली.

"मैं?"

"हां. तुम."

केरूने चपला काढल्या, दाराकडे कोणी बघत नाही ना हे पाहिलं आणि उडी मारली. मग शेजारच्या भरलेल्या भागावर मारली. पुन्हा इकडे. तिसऱ्या उडीनंतर तो उकिडवा बसला आणि त्याने फळीवर तळहात ठेवला. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, हे त्याच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं होतं. हुशार कारागीर होता, त्याला जास्त सांगायला लागलं नाही.

"किसीको लगा क्या, मॅडम?"

"एक लडकी. पैर का हड्डी."

"और आपको?" तिच्या गुडघ्यावरच्या पट्ट्याकडे बघत त्याने विचारलं. तिने मान डोलावली. केरूने कपाळावर हात मारून घेतला. "तो बोला क्यों नहीं? मैं इधरही था, सोनापूर में. एक फोन करते तो उसी दिन आके निकालता. दस महिना सहन किया? किसके लिये?"

त्याचा आवाज चढला होता. चूक त्याची, आणि रागावत होता तो! पण हिमेनाला हे आजवर कोणी विचारलंच नव्हतं. ती त्या खाटेएवढ्या जागेवर उभी राहिली आणि तिने एक लहानशी उडी घेतली. लाकडाने तिला झेललं. गुडघा तरीही दुखला, कारण झिजलं ते झिजलं. खोलीच्या केबिन व्हायच्या त्या होणारच होत्या.

"तुम्हारा गलती है," ती केरूला म्हणाली. "मेरा ज्यादा है." मग तिने एक ठोकळा उचलला, पर्समध्ये टाकला आणि ती बाहेर पडली.

साडेचारचं ऊन. रस्त्यावर माणूस नाही. दहा मिनिटांच्या वाटेला तिला वीस मिनिटं लागली. दार अपर्णाने उघडलं. चेहऱ्यावर आधी आठी, मग नाइलाजाने पाहुणचार.

"आइए ना मिस. इतनी गर्मी में चलके आयी? बैठिए, चाय रखती हूँ."

मिहिका सोफ्यावर पाय वर घेऊन फोन बघत होती. ती उठली नाही. हिमेनाने ठोकळा टीपॉयवर ठेवला. त्यावर ८७ हा आकडा होता. चित्र, सुट्टी, सुतार, दोनशे सोळा ठोकळे, असं सगळं तिने इंग्रजीत, अडखळत सांगितलं. स्वतःला कुठे वाचवलं नाही. शेवटी म्हणाली, "जमीन कठीण आहे, हे तू मला सांगितलं होतंस. मी ऐकलं नाही. आणि त्या दिवशी जे बोलले ते खोटं होतं."

मिहिकाने ठोकळा हातात घेतला.

"सो आय वॉझन्ट वीक?"

"नाही."

स्वयंपाकघरातली भांड्यांची आदळआपट थांबली होती. अपर्णा ऐकत होती.

"मिस, द टोनेल स्टोरी," मिहिका म्हणाली. "डिड इट हर्ट?"

हिमेनाने अंगठ्याकडे पाहिलं. सतरा-अठरा वर्षांपूर्वीचं नख. "खूप," ती म्हणाली. "रडू येत होतं. दुसऱ्या दिवशी मला नाचायचंच नव्हतं."

"यू ऑलवेज लेफ्ट दॅट पार्ट आउट."

पोरीच्या आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच ते हिमेनाला जास्त लागलं. बारा वर्षं तिने एवढ्या मुलींना अर्धीच गोष्ट सांगितली होती. तिचे डोळे भरून आले. तिने ते पुसले नाहीत.

मिहिकाने फोन बाजूला ठेवला आणि ती उठून जेवणाच्या टेबलापाशी गेली. "जंप्स आर नॉट अलाउड. बट डॉक्टर सेज आय कॅन बेंड." तिने खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला, टाचा जुळवल्या, पावलं बाहेर वळवली. पाठ सरळ झाली. तीन महिन्यांत ती काही विसरली नव्हती. अपर्णा ट्रे हातात घेऊन दारातच उभी राहिली.

गुडघे हळूहळू वाकू लागले. अर्ध्यावर मिहिकाच्या भुवया जराशा जवळ आल्या. पूर्वी हिमेनाला हे दिसलं नसतं. दिसलं असतं तरी तिने पाहिलं नसतं.

"इट हर्ट्स," मिहिका म्हणाली. "जस्ट अ लिटल."

सदतीस वर्षांच्या सवयीने 'अजून' हा शब्द हिमेनाच्या ओठांपर्यंत आला. तिने तो गिळला.

"थांब," ती म्हणाली.

मिहिका थांबली.